मास्तराला बी.एड., प्राध्यापकाला काय?

दहावीपर्यंत शिकवणाऱ्याला शिकवण्याचे शिक्षण हवे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्याला ते नको, हा कुठला न्याय? मी एम.ए. झालो, पण तेवढ्यावर हायस्कुलात कोणी उभे करून घेतले नाही. बी.एड. करावे लागले. पाठटाचणे लिहिली, सराव पाठ घेतले, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांचे बोल खाल्ले. त्याच मुलाला दहावीनंतर अवघ्या दोन वर्षांनी बी.ए., बी.कॉम.च्या वर्गात जो भेटतो, त्याच्याकडून अपेक्षा काय? पदव्युत्तर पदवी आणि नेट, के-सेट किंवा पीएच.डी. नेटच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्नांपैकी अध्यापनावरचे अवघे 5, तेही पर्यायावर खूण करण्याचे. खूण करून पोहता आले असते, तर विहिरीत उतरायचे कारणच उरले नसते!

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. 2015 साली त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, 2023 पासून मालवीय मिशनाची पाटी लागली. नव्या प्राध्यापकांसाठी महिनाभराचा ‘गुरुदक्षता’ कार्यक्रम 2019 साली आखला गेला. कागद उत्तम आहे. पण हे वर्ग बांधले गेले बढतीशी. त्यामुळे बढती जवळ आली की प्रमाणपत्राची आठवण होते. तोवर पहिल्या वर्षाच्या कित्येक तुकड्या हातून निघून गेलेल्या असतात. याला आपल्याकडे बैल गेला नि झोपा केला म्हणतात. शिवाय कर्नाटकातील सरकारी पदवी महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार अतिथी अध्यापक वाहतात. वर्षापुरते नेमलेल्या या तरुणांना बढतीच नाही, मग तिच्यासाठीच्या प्रशिक्षणाचे काय? दोष त्यांचा नाही. आडात पाणी आहे. पोहरा कोणी दिलेला नाही.

आळंदसारख्या तालुक्यात ही उणीव दुप्पट बोचते. आमचा मुलगा मराठीतून दहावी होतो आणि पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जाऊन पडतो. मराठीतली ‘मागणी’ कन्नडात ‘बेडिके’ होते, इंग्रजीत ‘डिमांड’. ‘पुरवठा’ मात्र कन्नडात ‘पूरैके’ होतो. हे दोन शब्द किती जवळचे आहेत, एवढे फळ्यावर लिहून दाखवणारा मेष्ट्रु अर्धा वर्ग तिथेच जिंकेल. पण हे त्याला सांगणार कोण?

माझ्या शाळेतली एक हुशार मुलगी एका महाविद्यालयात पहिल्याच सत्रात अर्थशास्त्रात नापास झाली. तिने वही दाखवली. पानामागून पाने इंग्रजीतून उतरवून घेतलेली; कुठे प्रश्न नाही, उदाहरण नाही. मी तिला मागणीचा नियम मराठीत विचारला. ती म्हणाली, “सर, तुरीचा भाव चढला की घरोघरी वरण पातळ होतं, तेच ना?” याहून नेमके उत्तर मला तरी देता आले नसते. दरम्यान वडिलांनी स्थळ पाहायला सुरुवात केली होती. मुलगा नापास झाला तर पुन्हा परीक्षेला बसतो. मुलगी नापास झाली तर बोहल्यावर उभी राहते. पहिल्या वर्षाच्या अध्यापनाची किंमत आमच्याकडे अशी मोजावी लागते.

इथे कोणी म्हणेल, सीमाप्रश्नाचे रडगाणे पुरे, मुलांनी कन्नड शिकावे. अवश्य शिकावे! ज्या राज्यात राहायचे त्या राज्याची भाषा आलीच पाहिजे, हे मी माझ्या वर्गात रोज सांगतो. पण भाषा बदलताना मधली पायरी लागते. आपला हा मुलूख ज्या निजामाच्या अमलाखाली होता, त्याने 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू केले. पण त्याआधी, 1917 साली, पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतर विभाग उघडला होता. ती भाषा आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरातली नव्हती, हे खरेच. तरी आधी तयारी, मग वर्ग, एवढे भान त्या राजवटीला होते. लोकशाहीत ते नसावे काय?

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचाच : मुले मोठी झाली, आता त्यांना घास भरवायचा का? घास भरवू नका. पण ताट कुठे मांडले आहे, ते तरी दाखवा. टिपणे कशी काढावी, ग्रंथालयात पुस्तक कसे शोधावे, न कळलेले कसे विचारावे, हे उपजत कोणाला येते?

माझ्या मागण्या चारच. प्रशिक्षण पहिल्या तासाच्या आधी व्हावे. त्यात अतिथी अध्यापकांना पगारी दिवस धरून घ्यावे. सीमाभागासाठी मराठी-कन्नड-इंग्रजी शब्दावली हाती द्यावी. आणि प्रत्येक नव्या प्राध्यापकाने एक आठवडा जवळच्या हायस्कुलात दहावीच्या वर्गात मागे बसावे. आपल्याकडे येणारा मुलगा कुठून येतो, ते पाहावे. गुलबर्गा विद्यापीठ 1980 पासून आहे. 2009 साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ तर आमच्याच तालुक्यात, कडगंचीला आहे. हे वर्ग भरवायला दिल्ली गाठण्याची गरज नाही.

पालकहो, प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, बसची वेळ विचारतो. यंदा आणखी एक गोष्ट विचारा : पहिल्या वर्षाला कोण शिकवणार, आणि त्यांना शिकवायला कोणी शिकवले? शंभर पालकांनी हे विचारले, तर उत्तर तयार ठेवणे महाविद्यालयांना भाग पडेल.