अडलेले पॅकेज, शाबूत डेटा

लिनक्सची आवृत्ती वाढवल्यानंतर डेटाबेस सर्व्हरचे पॅकेज बसता बसता अडते, तेव्हा दोष बहुधा पॅकेजमध्ये नसतो. उबुंटू आणि डेबियनमध्ये पॅकेज बसवणारे डीपीकेजी आधी फाइली उलगडून जागेवर ठेवते आणि मग पॅकेजसोबत आलेली स्क्रिप्ट चालवते. ही स्क्रिप्ट सर्व्हर सुरू करून पाहते. तो सुरू झाला नाही की पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झाल्याची नोंद होते आणि पडद्यावर लाल अक्षरे येतात. प्रत्यक्षात फाइली आलेल्या असतात, डेटाही बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. सर्व्हर का उठत नाही, एवढेच शोधायचे असते. त्याचे उत्तर पॅकेज मागवणाऱ्या एपीटीच्या संदेशात मिळत नाही. ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये किंवा सिस्टमडीच्या जर्नलमध्ये असते.

नायगाव, देगलूर, मुखेड, अहमदपूर अशा तालुक्याच्या गावी पॅकेज अडणे आणि डेटा जाणे यांतला फरक कळणे फार गरजेचे आहे. कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयात सर्व्हर बहुधा एकच असतो, तो ग्रंथपालच सांभाळतात, आणि जाणकार माणूस नांदेडहून किंवा लातूरहून फोनवर उपाय सांगतो. ‘पर्ज करा आणि पुन्हा टाका’ हा त्यातला सर्वांत घातक उपाय. रिमूव्हने फक्त प्रोग्राम जातो. पर्ज कॉन्फिगरेशनही पुसते आणि डेटाबेस काढायचे का, असे विचारते. घाईत तिथे ‘हो’ म्हटले की वर्षानुवर्षांची पुस्तकनोंद गेली. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी सर्व्हर बंद ठेवून डेटा निर्देशिकेची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. कोहा रोज बॅकअप काढते खरे, पण मूळ मांडणीत ते दोनच दिवसांचे ठेवले जातात आणि तेही त्याच यंत्रावर. ते आधी बाहेर काढावेत.

सर्व्हर न उठण्याचे एक उदाहरण पाहू. उबुंटू 18.04 वरून 20.04 वर जाताना मायएसक्यूएल 5.7 ची जागा 8.0 घेते. 18.04 च्या मूळ कॉन्फिगरेशन फाइलमध्ये क्वेरी कॅशच्या दोन ओळी होत्या: मर्यादा 1 एमबी, आकार 16 एमबी. 8.0 मधून क्वेरी कॅश पूर्णपणे काढून टाकला गेला. अपग्रेड चालू असताना डीपीकेजी विचारते की बदललेली जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची. आपली सेटिंग्ज जाऊ नयेत म्हणून बहुतेक जण जुनी ठेवतात, आणि ते समजण्यासारखे आहे. पण मग सर्व्हर क्वेरी कॅशची ओळ वाचतो, ‘अनोळखी व्हेरिएबल’ असे लॉगमध्ये लिहितो आणि तिथेच थांबतो. एसक्यूएल मोडमध्ये ‘नो ऑटो क्रिएट युजर’ लिहिलेले असेल तरी हेच घडते, कारण तोही 8.0 मध्ये उरलेला नाही. अशा ओळींच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाकावे, सेवा हाताने सुरू करून पाहावी आणि ती उठल्यावरच डीपीकेजीला राहिलेली सर्व पॅकेजेस कॉन्फिगर करायला सांगावे. मात्र 8.0 ने एकदा डेटा आपल्या मांडणीत बदलून घेतला की त्यावर 5.7 पुन्हा चालत नाही. घेतलेली प्रत इथे कामी येते.

लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची नोंद असेल आणि फाइलींची मालकी बरोबर असेल, तर प्रोग्रामांच्या फाइल-परवानग्या मर्यादित करणारे अॅपआर्मर तपासावे; डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवलेला असताना हे हमखास आढळते. डिस्क भरलेली असणे, अपग्रेडच्या मध्येच वीज जाणे ही कारणे साधी आहेत, पण ती आधी पाहावीत. यूपीएसची बॅटरी थकलेली असेल तर अपग्रेडला हातच घालू नये.

डेटाबेस मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस असेल, तर अडचण वेगळी. नवी आवृत्ती जुन्या डेटाला हात न लावता शेजारी नवा, रिकामा क्लस्टर उभा करते. जुना 5432 पोर्टवर असल्याने नव्याला 5433 मिळतो. तिथे जोडणी झाली की सगळे गेले असे वाटते. क्लस्टरची यादी पाहिली की जुना दिसतो आणि त्याचे स्थलांतर करता येते. तोवर ‘कालबाह्य पॅकेजेस काढू का’ या प्रश्नाला नकार द्यावा.

त्याहून गंभीर गोष्ट कोणताही संदेश न देता घडते. 2018 मध्ये लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, 2.28 आवृत्तीने अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. उबुंटू 18.04 वरून 20.04, डेबियन 9 वरून 10, रेड हॅट 7 वरून 8 अशा प्रत्येक उडीत हा बदल आड येतो. पोस्टग्रेसचा डेटाबेस प्रणालीच्या लोकेलवर असेल, तर मजकुराच्या स्तंभांवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले राहतात आणि शोध नव्या क्रमाने होतो. मग यादीत असलेले नाव शोधात सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा घेतली जाते. मायएसक्यूएलचे क्रमनियम स्वतःचे असल्याने त्याला ही बाधा होत नाही. पोस्टग्रेस 15 पासून डेटाबेसच्या क्रमनियमांची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देते. त्याआधीच्या आवृत्त्यांत एएमचेक हे एक्स्टेन्शन वापरून इंडेक्स तपासता येतात. उपाय म्हणजे रीइंडेक्स, अर्थात इंडेक्स नव्याने बांधणे. तो पूर्ण होईपर्यंत नव्या नोंदी बंद ठेवाव्यात, कारण एकदा दुहेरी नोंद शिरली की युनिक इंडेक्स पुन्हा बांधलाच जात नाही आणि दोन्हींतली खरी कोणती हे एकेक तपासून ठरवावे लागते.