भिंतीवरचे मैदान

फुटबॉलच्या स्टेडियमचे विमानातून टिपलेले जुने छायाचित्र घरात लावणे ही कुणाला पोकळ हौस वाटेल. मला तसे वाटत नाही. लंडनच्या आर्सेनल क्लबने १९१३ पासूनचे आपले हायबरी मैदान २००६ मध्ये सोडले. आज तिथे सदनिका आहेत. ज्यांचे तारुण्य तिथल्या पायऱ्यांवर गेले, त्यांना ते छायाचित्र म्हणजे हरवलेल्या घराचा नकाशाच!

आपल्या कोल्हापूरचे भाग्य वेगळे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ आजही शाहू स्टेडियमवर भिडतात, पेठाच्या पेठा जमतात. उंचावरून मात्र माणसांचे ठिपके होतात, आरोळ्या मुक्या होतात. तो आवाज पाहणाऱ्याने आपल्या आठवणीतूनच भरायचा असतो.

म्हणून चित्र जरूर लावावे; पण मैदान राखून. बदनापूरसारख्या लहान गावांत मोकळी जागा 'रिकामी' समजली जाते. जिथे रोज पोरे खेळतात, ती जागा रिकामी कशी? उद्या तिच्यावर इमारत उठली, तर आमच्या भिंतीवर लावायला चित्रही उरणार नाही. आमच्या मैदानांची छायाचित्रे हौसेने काढतो कोण?

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष