दिव्यांनी खाल्लेली बॅटरी

गुरुग्रामच्या आमच्या घरात बाल्कनीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची एक बॅटरी पडून आहे. सोसायटीने जनरेटर बसवल्यापासून तिला काम उरलेले नाही. ऑक्टोबरात मालवणहून धाकट्या भावाचा फोन आला. ‘‘दादा, तुझी ती दीडशेची बॅटरी रिकामीच आहे ना? होडीच्या मशीनला पाठवून दे. माका मशीन चालू होऊक होया, बाकी काय नको.’’

मी मोटारींच्या धंद्यातला माणूस, म्हणून सल्ला माझ्याकडे मागितला. पण फोनच्या मागे काय घडले होते ते वहिनीने नंतर सांगितले. जाळे टाकून भाऊ मशीन बंद करून बसला होता. अंधार पडला, वारा फिरला आणि होडी खडकांच्या बाजूला सरकू लागली. बटण दाबले तर नुसता ‘टक्’ असा आवाज. मालवणच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली किती खडक आहेत, हे सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीने गेलेल्या कुणालाही ठाऊक असेल. शेजारच्या होडीने दोर टाकून त्याला ओढून आणले. घरी आईला यातले काही सांगितलेले नव्हते.

तेव्हा प्रश्न फुकटच्या बॅटरीचा नव्हता. बॅटरी त्या रात्री का रुसली, हे आधी शोधायला हवे होते.

भावाचे मशीन चाळीस अश्वशक्तीचे, बटणावर सुरू होणारे. बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची, तीन वर्षांची. मी त्याला फोनवरच हिशेब करायला लावला. सुरू होताना स्टार्टर समजा दीडशे अँपिअर ओढतो, पण किती वेळ? तीन सेकंद. म्हणजे साडेचारशे अँपिअर-सेकंद. एका तासाचे ३६०० सेकंद, त्याने भागले की उत्तर येते ०.१२५. एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा! एवढे मोठे मशीन फिरवायला बॅटरीतले खर्च होते ते इतकेच.

आता दुसरी बाजू. होडीवरचे दिवे, मासे दाखवणारे यंत्र, मोबाइलचा चार्जर, सगळे मिळून तीन अँपिअर धरू. तासाला तीन अँपिअर-तास गेले, म्हणजे चोवीस वेळा मशीन सुरू करण्याइतके. पाच तास मशीन बंद ठेवून बसले तर पंधरा गेले. तीन वर्षे उन्हात राहिलेल्या बॅटरीत चाळीसपैकी वीसच उरले असतील, तर हाती राहिले पाच. आणि जवळजवळ रिकाम्या बॅटरीतून एकदम दीडशे अँपिअर निघत नाहीत. बॅटरी स्टार्टरने संपवली नव्हती, दिव्यांनी खाल्ली होती.

‘‘मग दीडशेची दिली तर दिवेही जळतील आणि मशीनही चालू होईल,’’ भाऊ म्हणाला. खरे सांगायचे तर धक्क्यावर ती मशीन फिरवीलही. पण अशा बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. हळूहळू, तासन्‌तास वीज देण्यासाठीच ती बनवलेली असते. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. त्यामुळे एकदम मोठा प्रवाह देता येतो, पण वारंवार खोलवर रिकामी केली तर ती लवकर मरते. शिवाय माझी बॅटरी पन्नास किलोच्या वर, उंच आणि आम्लाने भरलेली. मशीनच्या वजनाने होडीची मागची बाजू आधीच दबलेली असते. लाटांवर आदळताना आम्ल उसळून तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात सांडले तर दुसरीच आफत. बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू होऊ शकतो. जुन्या पाणबुड्यांतल्या खलाशांना याचीच धास्ती असे. आणि आम्लाची बॅटरी विमानाच्या सामानातून नेऊ देत नाहीत, हे तर वेगळेच.

तर मग घ्यावी कोणती? पहिला सल्ला रंगीत जाहिरातीचा नव्हे, मशीनच्या पुस्तिकेचा. तीत किमान किती ‘सीसीए’ हवा ते दिलेले असते. उणे अठरा अंशांत, तीस सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देते, त्याचा हा आकडा. भाऊ हसला. मालवणात उणे अठरा कुठले? बरोबर आहे. पण दोन बॅटऱ्या एकाच मापाने मोजायच्या तर ते माप कुठले तरी ठरलेले हवेच. काही बॅटऱ्यांवर ‘एमसीए’ लिहिलेला असतो. तो शून्य अंशावर मोजतात, म्हणून त्याच बॅटरीचा आकडा मोठा दिसतो. दुकानात एकीचा सीसीए आणि दुसरीचा एमसीए समोरासमोर ठेवला, तर गिऱ्हाईक हमखास फसते.

थंडीत बॅटरी मरते हा आमच्याकडचाही लाडका गैरसमज. जानेवारीच्या धुक्यात सकाळी गाड्या अडतात आणि सगळे थंडीला शिव्या देतात. खरे तर तिचा जीव मे-जूनच्या पंचेचाळीस अंशांत गेलेला असतो, थंडी फक्त ते उघड करते. कोकणात ते उघड करणारी थंडी नसल्याने बॅटरी काही न सांगता दगा देते. म्हणून स्वस्त मीटर घेऊन पाहावे. रात्रभर न वापरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडे वर दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी संपली. बटण दाबताना काटा दहाच्या बराच खाली गेला तर समुद्रात जाऊ नये. मशीन चालू असताना चौदाच्या आसपास यायला हवे. मात्र मशीन मंद चालले की त्याच्यातून होणारे चार्जिंग फार थोडे असते. जाळे ओढताना ‘मशीन चालूच होते’ म्हणून निश्चिंत राहू नये.

भावाला मी सीलबंद, एजीएम पद्धतीची स्टार्टिंग बॅटरी सांगितली. तिच्यात द्रव हलत नाही, सांडत नाही आणि हादरे ती बरी सोसते. महाग पडते हे खरे. पुस्तिका परवानगी देते का, तेवढे आधी पाहायचे. मग दिव्यांसाठी छोटी, वेगळी बॅटरी. ती घरी आणून चार्ज करायची आणि मशीनच्या बॅटरीला दिव्याची एकही तार जोडायची नाही. बॅटरी गुरुग्रामहून पाठवायला मी साफ नकार दिला. ती जवळच्या दुकानातच घ्यावी, म्हणजे वॉरंटीसाठी धावाधाव नको. कार्डावरचा बारीक मजकूर वाचावा. होडीवर वापरली तर वॉरंटी लागू आहे का, ते लिहून घ्यावे. तयार झाल्याचा महिना पाहावा. सहा महिने फळीवर बसलेली बॅटरी नवी नव्हेच.

बसवताना पेटीत, पट्ट्याने घट्ट. हाताने फिरवायच्या पंखनटांऐवजी पाना लावून आवळायचे नट, कारण हादऱ्याने ते सुटतात आणि मशीन चालू असताना तार निसटली तर चार्जिंगचा भाग जळू शकतो. काढताना आधी ऋण तार.

यात भावाने एकच वाद घातला. आणीबाणीत हाताने ओढून मशीन सुरू करण्याचा दोर त्याने गोदामात टाकून दिला होता. ‘‘बटण असताना दोर कशाला?’’ यावर मी काही बोललो नाही. वहिनीने फोन आईच्या हाती दिला.

बॅटऱ्या नोव्हेंबरात बसल्या. आता तो विचारतो आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत काय करायचे? होडीतून काढून सावलीत, कोरड्या जागी ठेवायच्या, महिन्यातून एकदा चार्ज करायच्या. नाहीतर नारळी पौर्णिमेला होडी सजेल आणि मशीन बसून राहील. दोर मात्र आता बॅटरीच्या पेटीवरच बांधलेला असतो. तेवढे आईने स्वतः धक्क्यावर जाऊन पाहिले.