लेकरू वसतिगृहात, मायबाप फडात

दसरा सरला की वसतिगृहाच्या फाटकाशी पालकांची वर्दळ वाढते, हे या शाळेत राहून शिकलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. कोणी दिवाळीच्या सुट्टीसाठी लेकराला न्यायला आलेला असतो, तर कोणी ऊसतोडीला निघण्यापूर्वी त्याचे तोंड पाहून घ्यायला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ ठरलेला असतो. मुकादमाची उचल हाती पडून बहुधा खर्चूनही झालेली असते. पुढचे पाच-सहा महिने दूरच्या एखाद्या साखर कारखान्याच्या फडात काढायचे असतात. या वर्दळीत एखाददुसरा बाप असाही असतो, जो मुलाची पेटी उचलतो आणि त्याला कायमचा घेऊन जातो. धाकट्या भावंडांकडे बघायला कोणी नसते, किंवा आठवीतला पोरगा आता मोळी उचलण्याजोगा झालेला असतो. शाळेच्या दप्तरी त्या मुलाच्या नावापुढे काही दिवस ‘गैरहजर’ लिहिले जाते आणि मग नावच कमी होते.

मी याच वसतिगृहात वाढलो. माझी पेटी कोणी उचलली नाही, हे माझे भाग्य. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने एक गोष्ट मांडावीशी वाटते. आपण लेकराला आसरा दिला, अन्न दिले, विद्या दिली. परंतु त्याच्या आईबापांच्या हाताला बारमाही काम नसेल, तर आपण दिलेले सारे एका उचलीच्या बदल्यात परत नेले जाऊ शकते. मुलाचे शिक्षण आणि पालकांचा रोजगार या दोन गोष्टी वेगळ्या मानणे आपल्याला परवडणारे नाही.

धम्माच्या दृष्टीनेही हा विचार नवा नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची कथा आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. बुद्धांची देशना ऐकण्याची ओढ असूनही तो आधी बैल शोधायला रानात गेला आणि दमून-भागून, उपाशीपोटी उशिरा सभेत पोहोचला. तथागत तोवर मौन राखून थांबले होते. त्यांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मगच देशना सुरू केली. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात तर प्रत्यक्ष धोरणच सांगितले आहे. राज्यात चोऱ्या व लूट वाढली असता राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की, शिक्षा करून हे थांबणार नाही; शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, सेवा करणाऱ्याला अन्न व वेतन दे. ज्याला जे करता येते, त्याचे साधन त्याच्या हाती देणे, हे या उपदेशाचे सार आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी हेच सूत्र आधुनिक राज्यकारभारात आणले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि देशातील सेवायोजन कार्यालयांची उभारणी १९४५ मध्ये त्याच खात्याच्या छत्राखाली सुरू झाली. त्याच वर्षी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय उघडून नागसेनवनाचा पाया घातला. एका हाताने शिक्षण आणि दुसऱ्या हाताने काम, असा तो विचार होता. त्यांतील पहिला हात आपण घट्ट धरला. दुसरा मात्र सुटला.

आपल्या शहरात सोयींचा तुटवडा आहे, असे म्हणवत नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालयच येथे आहे. जिल्ह्याचे कौशल्य विकास व रोजगार केंद्र आहे, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान व बीजभांडवलाच्या योजना आहेत, बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. मग या योजना आणि आपला पालक यांची गाठ का पडत नाही?

उत्तर साधे आहे. रोजंदारीवरच्या माणसाला कार्यालयाची प्रत्येक खेप एका दिवसाच्या मजुरीला पडते. माझे वडील एका कार्यालयात तीनदा गेले. तिन्ही वेळा एकेक कागद कमी निघाला आणि चौथ्यांदा ते गेलेच नाहीत. बांधकाम मजुराला मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण रोज नव्या मालकाकडे राबणाऱ्या अड्ड्यावरच्या मजुराला तो कोण देणार? जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. ज्याच्या आज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने तो कोठून आणावा? अडचण बहुतेक वेळा पात्रतेची नसते, कागदाची आणि सोबतीची असते.

नेमक्या याच दोन गोष्टी आपल्या शाळेकडे आहेत. कित्येक कुटुंबांच्या बाबतीत शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर हा सर्वांत विश्वसनीय लेखी पुरावा असतो. आणि ज्या गुरुजींच्या हाती पालकाने आपले लेकरू सोपवले, त्यांच्या शब्दावर त्याचा जेवढा विश्वास असतो तेवढा कोणत्याही जाहिरातीवर नसतो.

अशी वाट महाराष्ट्रात पूर्वी कोणी चोखाळली आहे का? पुण्यातील उदाहरण बोलके आहे. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. त्यांच्या लक्षात आले की, आयांची कमाई आणि प्रतिष्ठा वाढल्याविना मुले वर्गात टिकणार नाहीत. त्यातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेने त्या स्त्रियांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरच्या कचरा संकलनाचा करार झाला. शिकवण्यापासून सुरुवात झाली आणि स्थानिक सेवेशी भागीदारी करून ती कामापर्यंत पोहोचली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, शाळेने शिकवावे, नोकऱ्या लावण्याचा उद्योग करू नये. तो मला मान्य आहे. शाळेने कोणाला नोकरी लावून द्यावयाची नाही, कोणाकडून पैसा घ्यावयाचा नाही. माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडावयाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणतेही काम म्हणजे उद्धार नव्हे. पिढीजात म्हणून लादलेली हीन कामे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्याला बजावले होते. तेव्हा आपल्याच लोकांना कंत्राटदाराच्या झाडूखाली स्वस्तात पुरवण्याचे साधन आपण होता कामा नये. अष्टांगिक मार्गातील सम्यक् आजीविका येथे कसोटी म्हणून लावली पाहिजे. वेतन ठरल्याप्रमाणे मिळते का, भविष्य निर्वाह निधी व कामगार विमा आहे का, बाईमाणसाला सुरक्षितता आहे का, हे आधी विचारावे. पुण्यातील भगिनींनी कामाचे नाव बदलले नाही, पण त्याच्या अटी बदलल्या. आपली पुढची पिढी त्याही पुढे जावी, एवढे भान आपण ठेवावे.

म्हणून माझी सूचना लहान आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाबरोबर पालकाच्या कामाची, कौशल्याची आणि कागदपत्रांचीही नोंद घ्यावी. वर्षातून दोन पालक मेळावे, एक जूनमध्ये आणि दुसरा दसऱ्यापूर्वी, असे घ्यावेत की महामंडळ, रोजगार केंद्र, प्रशिक्षण संस्था व कामगार कार्यालय यांचे प्रतिनिधी त्याच दिवशी शाळेच्या आवारात बसतील. उचल घेण्याआधी दुसरा मार्ग समोर आला, तरच त्याचा उपयोग. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने वर्षाला एका कुटुंबाची सोबत पत्करावी. अर्ज भरण्यापासून पहिला पगार हाती येईपर्यंत. आपल्यातील कोणी बँकेत आहे, कोणी कारखान्यात, कोणी तहसील कार्यालयात. खुर्ची मिळाली ती या शाळेमुळे. त्या खुर्चीपर्यंत दुसऱ्याला पोहोचवणे हे ऋण फेडणेच आहे.

देणगीचे फलक आपल्या भिंतींवर पुष्कळ आहेत आणि ते असावेतच. परंतु येत्या दसऱ्यानंतर फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बापांपैकी एकाने जरी मुलाची पेटी न उचलता, ‘मी आता इथंच कामाला लागलोय, रविवारी येईन भेटायला,’ असे म्हटले, तर त्या दिवशी शाळेने दोन पिढ्या शिकवल्या असे मी समजेन.

नमो बुद्धाय. जय भीम.