बळी घेणारा गोलंदाज ओळखावा कसा?

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आपल्या धाराशिव जिल्ह्याचा वेगवान गोलंदाज. ३१ मार्च २०२३ रोजी आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. पुढच्या सामन्यात एकही बळी नाही, आणि त्या मोसमात पुन्हा संधीही नाही. जुलैमध्ये कोलंबोत पाकिस्तान 'अ' संघाविरुद्ध ४२ धावांत ५ बळी. चारच दिवसांनी अंतिम सामन्यात त्याच संघाने भारताविरुद्ध ३५२ धावा कुटल्या.

अशा गोलंदाजाचा निवाडा एका सामन्यावरून करू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. बळी कुणाचे? वरच्या फळीचे की शेपटाचे? कसे मिळाले? त्रिफळा, पायचीत, यष्टिरक्षकाकडे झेल, की धावांच्या घाईत सीमारेषेवर? आणि एका बळीमागे सरासरी किती चेंडू पडले?

श्रीरामपूरच्या झहीर खानने २००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा दिल्या होत्या. त्याच झहीरने २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून ७८ बळी घेतले, २०११ च्या विश्वचषकात २१, आणि कसोटीत एकूण ३११. दिशा सरावाने सुधारते. फलंदाजाला चकवणारा चेंडू मात्र मुळात हातात असावा लागतो.

पालकांनो, मुलाचे वाइड मोजता तसे फलंदाजाला चकवून गेलेले चेंडूही मोजा. एक मोसम वहीत नोंद ठेवा, मगच त्याचा चेंडू काढून घ्यायचा का ते ठरवा.