शिक्षा संपली, पाठवणी कधी?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गावर आले आणि निजामी सत्तेच्या अंताला प्रारंभ झाला. त्याआधीच्या वर्षात रझाकारांच्या भयाने धाराशिव जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे रातोरात सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही हकिगत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली असेल. शरण मागणे म्हणजे काय आणि ते देणे म्हणजे काय, हे या मातीला दिल्लीच्या परिसंवादांतून शिकण्याचे कारण नाही. पीडित आणि गुन्हेगार एकाच 'निर्वासित' या शब्दाच्या पंक्तीला बसविले जातात, तेव्हा चीड येते ती यामुळेच.

आमचे मानवाधिकारवादी विद्वान उठता-बसता १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा दाखला देतात. भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही, हे क्षणभर बाजूला ठेवू. जीवितास धोका असलेल्या देशात निर्वासितास परत ढकलू नये, असे त्याच्या ३३ व्या कलमात म्हटले आहे खरे. परंतु त्याच कलमाचे दुसरे पोटकलम वाचायला मात्र हे विद्वान सोयीस्करपणे विसरतात. विशेष गंभीर गुन्ह्यासाठी जो अंतिमतः दोषी ठरला आहे आणि त्या देशातील समाजास धोकादायक आहे, त्याला हे संरक्षण मागता येत नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. ब्रिटनने तर २००७ च्या कायद्याने बारा महिने वा अधिक शिक्षा झालेल्या परकीय नागरिकाची हद्दपारी, काही अपवाद वगळता, बंधनकारक केली. ब्रिटनला कोणी असहिष्णू म्हणाले काय?

आपला अनुभव मात्र कडू आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे मेली. त्यातील आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला सापडला आणि खोट्या कागदपत्रांबद्दल तेथेच शिक्षा भोगत राहिला. पोर्तुगालमध्ये जन्मठेप नाही, फाशीही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी त्या देशाला हमी दिली की, याला फाशी देणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आला. २०१७ मध्ये टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. परंतु २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या हमीची आठवण करून दिली आणि मुदत १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजावयास सांगितले. ती २०३० मध्ये भरते. हमी आपल्याच विचारांच्या सरकारने दिली होती, म्हणून ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ती दिली नसती तर सालेम आलाच नसता, हेही तितकेच खरे. दिलेला शब्द राष्ट्राने पाळावा; पण स्फोटात मुलगा गमावलेल्या आईला हे कोणी समजावून सांगावे?

आता दुसरे उदाहरण पाहा. छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला गेला. इंडोनेशियाने त्याचे प्रत्यार्पण केले नाही, सरळ हद्दपार केले आणि ६ नोव्हेंबरला तो दिल्लीत उतरला. कसली हमी नाही, वर्षांची मर्यादा नाही. 'मोहन कुमार' या नावाच्या खोट्या पासपोर्टसाठी २०१७ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, त्याच्यासोबत बेंगळुरूच्या पासपोर्ट कार्यालयातील तीन माजी अधिकाऱ्यांनाही. २०१८ मध्ये पत्रकार जे. डे यांच्या हत्येबद्दल जन्मठेप झाली. (याला 'देशभक्त डॉन' म्हणून डोक्यावर घेणारे महाभाग आपल्यातही होते!) हद्दपारीचे हत्यार किती धारदार असते, ते येथे दिसले.

ते हत्यार आपण आपल्या घरात का वापरत नाही? १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा लागू झाला, १९४६ चा जुना गेला. कागदपत्रांविना घुसणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण कैद संपल्यावर काय? मायदेशाने आपला नागरिक म्हणून मान्य केल्यावाचून रीतसर पाठवणी होत नाही, आणि ती पडताळणी वर्षानुवर्षे रेंगाळते. आसामात परकीय ठरलेल्या ६३ जणांचा तिकडचा पत्ता ठाऊक नाही, म्हणून त्यांना ठेवून घेतले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर राज्य सरकारला फटकारले.

पडताळणीचा कागद गुन्हेगाराला शिक्षा सुनावली त्याच आठवड्यात निघाला पाहिजे, सुटकेच्या आदल्या दिवशी नव्हे. आणि तो काटेकोर हवा. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय ठरल्यावर त्यांना परत आणावे लागले. असा एक प्रमाद घडला की खऱ्या घुसखोराच्या वकिलाला आयते कोलीत मिळते. जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यापासून परराष्ट्र खात्यापर्यंत या कागदाचा प्रवास किती दिवसांत होतो, हे आपल्या खासदारांनी लोकसभेत एकदा तरी विचारावे.