सहेरी रांधणारीच्या ताटात काय?

गेल्या रमजानमधला दहावा की अकरावा रोजा असेल. कॉलेजात दुसरं लेक्चर तिसऱ्या मजल्यावर होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला कठडा धरून थांबावं लागलं. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मागून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने माझ्या हातातली पुस्तकं घेतली आणि म्हणाली, "मॅडम, रोजा आहे ना तुमचा? बसा जरा." मीही स्वतःला तेच सांगितलं. रोजा आहे, एवढं होणारच.

पण ते खरं नव्हतं. थकवा रमजानच्या चार-पाच महिने आधीपासून होता. दुपारी पेपर तपासताना डोळे मिटायचे, जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे. त्यावर इलाज म्हणून मी आठशे रुपयांचा शक्तीचा डबा आणला होता आणि रोज एक मल्टिव्हिटॅमिनची गोळी सुरू केली होती. ईदनंतर एकदाची रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, "सहेरीला तुम्ही काय खात होता?" मुलांनी काय खाल्लं, मुलांच्या अब्बांनी काय खाल्लं, सासूबाईंना काय लागतं, हे सगळं मला पाठ होतं. मी काय खाल्लं, ते मात्र आठवेना.

हा लेख त्या न आठवलेल्या ताटाबद्दल आहे.

डब्यात आणि कॅनमध्ये काय असतं?

रमजानच्या रात्री विजापूर वेशीतला मीना बाजार गजबजलेला असतो. तरावीह झाल्यावर तरुण पोरं तिथे घोळक्याने उभी असतात आणि हल्ली अनेकांच्या हातात एनर्जी ड्रिंकचा कॅन दिसतो. या पेयांत कॅफीन किती असावं याची मर्यादा आपल्याकडे ठरलेली आहे, एका लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम. म्हणजे पाव लिटरच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत. शिवाय साधारण पाच चमचे साखर. मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे पेय घेऊ नये, असं कॅनवरच छापलेलं असतं, फक्त ते बारीक अक्षरांत.

कॅफीन ताकद देत नाही. ते मेंदूला मिळणारी झोपेची सूचना अडवून धरतं. त्याचा अर्धा अंमल उतरायलाच चार-पाच तास लागतात. रात्री दहाला कॅन प्यायलेला मुलगा सहेरीपर्यंत जागा राहतो आणि सकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपतो. त्याची ताकद वाढलेली नसते, उद्याची झोप त्याने आज खर्च केलेली असते.

डब्यांचंही तसंच. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना दुधात घालायच्या अशा पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, असं कळवलं. डबा घेताना पुढचं चित्र पाहू नका, मागचा तक्ता वाचा. शंभर ग्रॅममध्ये साखर किती, हे पाहिलं की बराचसा उलगडा होतो.

राहिल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. व्हिटॅमिनमधून ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा मिळते ती पिष्ट पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांतून. व्हिटॅमिन ती ऊर्जा वापरायला शरीराला मदत करतात. अंगात बी-१२ किंवा डी कमी असेल, तर गोळीने फरक नक्की पडतो. ती कमतरता आपल्याकडे पुष्कळ आहे. बी-१२ मांस, अंडी, मासे आणि दूध-दह्यातून मिळतं, त्यामुळे माझ्या शाकाहारी मैत्रिणींनी ते तपासून घ्यावंच. डी उन्हातून मिळतं आणि आपण सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात राहूनही दिवसभर सावलीत किंवा पूर्ण कपड्यांत असतो. पण कशाची कमतरता आहे हे न बघता घेतलेली गोळी म्हणजे अंधारात मारलेला खडा. माझ्या अंगात लोह कमी होतं आणि मी मात्र भलताच डबा पीत बसले होते.

आपलं पीठ, आपली भाकरी

आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तरी आमच्याकडे सहेरीला दूध-फेणी, टोस्ट, पाव किंवा रात्रीचा भात असतो. मैदा आणि साखर पटकन पचतात, रक्तातली साखर भरभर चढते आणि तशीच उतरते. सकाळी दहाच्या सुमारास हातपाय गळतात ते यामुळे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, अंडं, वाटीभर दही, हे सावकाश पचतं आणि दुपारपर्यंत साथ देतं. माझी अम्मी सहेरीला कडक भाकरी दह्यात कुस्करून त्यावर शेंगाचटणी घालून खायची. आम्ही बहिणी तिला हसायचो. आज कळतं, तिच्या वाडग्यात धान्य होतं, प्रथिनं होती, स्निग्धांश होता.

इफ्तारला खजूर हवाच. तो सुन्नत आहे आणि शरीरालाही मानवतो. त्यातली साखर दिवसभराच्या उपाशी शरीराला लगेच वापरता येते, सोबत पोटॅशियम आणि तंतूही मिळतात. तीन खजूर आणि पाणी एवढ्याने सुरुवात पुरेशी होते. त्यानंतर सब्जा घातलेलं लिंबूसरबत घ्या. उर्दूत आम्ही ज्याला तुख्मलंगा म्हणतो तोच हा सब्जा. ताक, कोकम सरबत, सातूचं पीठ कालवून केलेलं पातळ पेय, नाचणीची आंबील, हे सगळं आपल्याच घरातलं आहे. पण आपण खजुरावरून थेट भजी, समोसे आणि लाल सरबताच्या तिसऱ्या ग्लासावर जातो. मराठीत 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणतात. ही म्हण माझ्या शेजारच्या काकूंनी मला शिकवली. त्या साबुदाण्याच्या खिचडीकडे बोट दाखवत होत्या, मी आमच्या दस्तरखानाकडे. दोघीही हसलो.

लाल रंगाचा गैरसमज

हिमोग्लोबिन ८.४ म्हटल्यावर घरात पहिली गोष्ट आली ती डाळिंबं. सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन आहे, इथेच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. फळ उत्तम, खावं. पण त्याचा रंग लाल म्हणून त्याने रक्त वाढतं, हा समज खरा नाही. शंभर ग्रॅम डाळिंबात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असतं. तेवढ्याच वजनाच्या ज्वारीत सुमारे ४, बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम, अख्ख्या हरभऱ्यातही सहाच्या आसपास. पॉलिशच्या तांदळात एकाहून कमी. तीळ आणि अळीव तर त्याही पुढे. कलेजी आणि मटणातलं लोह शरीर जास्त सहज शोषून घेतं. आमचा खिचडा, ज्यात गहू, डाळी आणि मटण एकत्र शिजतं, तो या हिशेबाने पूर्ण जेवणच आहे.

धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायचं तर सोबत क जीवनसत्त्व हवं. उसळीवर लिंबू पिळा, शेजारी कच्चा टोमॅटो ठेवा, नंतर पेरू खा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, जेवणाबरोबर चहा नको. चहातले घटक लोहाला बांधून ठेवतात आणि ते वाया जातं. इफ्तारच्या ताटाला लागूनच चहाचा कप येतो, तो निदान तासभर मागे न्या. लोहाची गोळी सुरू असेल तर तीही चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

शेवटी जेवणारी

इथपर्यंतची माहिती कुठल्याही आहारतज्ज्ञाकडे मिळेल. मला बोलायचं आहे ते पुढचं. भाकरी पौष्टिक आहे हे ठीक, पण ती कुणाच्या ताटात पडते?

सहेरीसाठी घरातली बाई साडेतीनला उठते, बाकीचे साडेचारला. सगळ्यांना वाढून होईपर्यंत वेळ संपत आलेली असते, मग ती उभ्याउभ्या चहात टोस्ट बुडवते आणि नियत करते. संध्याकाळी तेच. अजान होते तेव्हा तिच्या हातात झारा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, स्त्रीला २९. म्हणजे दीडपट. आणि घरात सगळ्यात कमी, सगळ्यात शेवटी जेवते ती तीच.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. पाळीच्या दिवसांत स्त्रीने रोजा ठेवायचा नसतो, ते रोजे नंतर भरून काढायचे असतात. ही शरियतने दिलेली सवलत आहे. पण किती घरांत त्या दिवसांत ती उघडपणे जेवते? दीर, सासरे, मोठी मुलं घरात असतात. मग ती स्वयंपाकघराचं दार लोटून दोन बिस्किटं खाते, कपभर चहा पिते, कधी काहीच खात नाही. ज्या दिवसांत अंगातून रक्त जातं, त्याच दिवसांत ती लपूनछपून उपाशी राहते. अल्लाहने जी सवलत दिली ती आपण लाजेखातर काढून घेतो. मी स्वतः वीस वर्षं हेच केलं. माझ्या मुलीने ते करू नये असं मला वाटतं. त्या दिवसांत तिच्यासाठी दुपारचा स्वयंपाक व्हावा, तिने बसून जेवावं आणि घरातल्या पुरुषांनी त्यात पाहण्यासारखं काही नाही असं समजावं. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआनच्या सूरह बकरामध्ये जी मुभा आहे, तिच्याबद्दलही आपण असेच कद्रू असतो.

हा केवळ आमच्या घरांचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. माझा रिपोर्ट पाहून स्टाफरूममधल्या माझ्या मैत्रिणीने स्वतःची तपासणी केली. ती चतुर्थी, एकादशी, नवरात्र सगळं करते आणि घरात शेवटी जेवते. तिचं हिमोग्लोबिन ९.१ आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. एवढी मोठी संख्या एका धर्माच्या उपवासाने होत नाही. ती आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत, वाढण्याच्या क्रमातून तयार होते.

म्हणून या रमजानमध्ये आमच्या घरी तीन बदल केले आहेत. सहेरीची उसळ आणि भाकरीचं पीठ रात्रीच तयार असतं, भाकऱ्या आळीपाळीने थापल्या जातात. मुलाच्या पहिल्या भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या, पण खाल्ल्या गेल्या. दुसरं, इफ्तारला तळण आठवड्यातून दोनदाच, त्यामुळे अजानच्या वेळी मीही दस्तरखानावर असते. तिसरं, घरातल्या प्रत्येकीची रक्ततपासणी रमजानआधीच करून घेतली. तुमची राहिली असेल तर आताही करता येईल. तपासणीपुरतं रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर इफ्तारनंतर करा. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. रक्तक्षय कशामुळे आहे हे डॉक्टरांना ठरवू द्या, कारण तो दरवेळी लोहाच्या कमतरतेचाच असतो असं नाही. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी रोज्याबद्दलही आधी डॉक्टरांशी बोलावं.

माझं हिमोग्लोबिन आता ११.६ आहे. ते गोळ्यांनी वाढलं आणि भाकरी-उसळीने टिकलं. बारा अजून व्हायचं आहे. तिसऱ्या मजल्यावर मात्र मी कठडा न धरता जाते, रोज्यातही.

आज संध्याकाळी अजान होईल, तेव्हा तुमच्या घरी भजी तळणारी कुठे उभी आहे ते बघा. तुमच्याकडे रोजा नसेल, तर रात्रीच्या जेवणाला बघा. गॅस बंद करा आणि तिला हाक मारा. पहिला खजूर तिच्या हातावर ठेवा. रमजान मुबारक.